टिळ्याची चिलापी

गुंजाई नदीत पहिले पाच हजार मासे सोडले त्या दिवशी धामणपूर महानगरपालिकेने जे प्रसिद्धिपत्रक काढलं, त्यात मुळात दोन महत्त्वाची वाक्यं होती. पहिलं असं : 'या माशाला होणारी सगळी संतती नर असते.' दुसरं असं : 'त्यामुळे काही पिढ्यांत एकही मादी उरत नाही आणि नदीतून ही जात नाहीशी होते.'

छापून पहिलंच आलं. जनसंपर्क अधिकारी डांगे यांनी दुसरं वाक्य काढून टाकलं. शुभारंभाच्या दिवशी 'नाहीशी होते' हे बरं दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. शिवाय जागेचाही प्रश्न होता, कारण मान्यवर अकरा होते.

दोन्ही वाक्यं लिहिणाऱ्या डॉ. चारुता टिपणीस नदी उद्यानाच्या प्रमुख होत्या. मत्स्यशास्त्रातली डॉक्टरेट, वय चव्वेचाळीस, आवाज हळू, माघार घ्यायची सवय नाही. गटारासारखी वाहणारी गुंजाई पोहण्याजोगी झाली, त्यात चारुताची पंधरा वर्षं गेली होती. काठावरची सुबाभूळ तिने काढली, जलपर्णी काढली, आणि जलपर्णीला जांभळी फुलं येतात म्हणून ती राहू द्यावी असा अर्ज करणाऱ्या सौंदर्यप्रेमी नागरिक संघालाही तोंड दिलं. आता उरली होती चिलापी.

चिलापी मूळची आफ्रिकेची. कधीकाळी कुणीतरी लोकांना स्वस्तात प्रथिनं मिळावीत म्हणून आणून सोडली. ती काहीही खाते, कसल्याही पाण्यात राहते, आणि मादी अंडी तोंडात धरून फिरते, त्यामुळे तिची पिल्लं फारशी मरत नाहीत. दुसऱ्यांची अंडी-पिल्लं मात्र ती आवडीने खाते. स्वच्छ झालेल्या गुंजाईत वरच्या धरणाकडून महासीर उतरले होते, वाम परतली होती; पण त्यांची पिल्लं बोटभर होण्याआधीच चिलापीच्या पोटात जात होती. चारुताने जाळी लावून पाहिली. मग चिलापी पकडण्याची स्पर्धा ठेवली. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दोन मंडळांनी बाहेरून टेम्पो भरून चिलापी आणली आणि नदीत सोडली, पकडायला कमी पडू नये म्हणून.

तेव्हा तिने शास्त्राचा आधार घेतला.

चिलापीतही माणसासारखंच असतं. एक्स-एक्स ती मादी, एक्स-वाय तो नर. पिल्लू अगदी लहान असताना त्याला ठरावीक संप्रेरक घातलेलं खाद्य दिलं, तर एक्स-वाय असूनही ते मोठेपणी अंडी देतं. अशा मादीचा साध्या नराशी संकर केला की चारांतलं एक पिल्लू वाय-वाय निघतं. हा दुहेरी नर. त्याच्याकडे द्यायला एक्स नसतोच, म्हणून त्याला होतात ते मुलगेच. असे नर दरवर्षी नदीत सोडत राहायचं. प्रत्येक पिढीत माद्या घटत जातात आणि शेवटी नदीत नुसते बाप्येच उरतात. विष नाही, जनुकांची कापाकापी नाही. एका जातीला मुलग्यांच्या जोरावर संपवायचं, इतकंच.

हे दुहेरी नर ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डोळ्यामागे, कातडीखाली रंगाचा ठिपका टोचलेला होता. रंग निवडताना चारुताने गढूळ पाण्यातही दिसेल असा निवडला. तो केशरी होता. या देशात जन्म काढूनही तिला यात काही वावगं वाटलं नाही, हे तिच्या शास्त्रीय दृष्टिकोनाचंच लक्षण म्हणावं लागेल.

---

जुन्या पुलाखाली हळदीच्या गोळ्यासारखं एक पिवळं यंत्र तरंगत असे. मासा पाण्यात राहतो म्हणजे थोडाथोडा पाण्यात मिसळतही राहतो. खवल्यांचा चुरा, अंगावरचा चिकटा, विष्ठा. त्यातले डीएनएचे तुकडे वाचून हे यंत्र सांगे, वरून किती महासीर गेले, किती वाम गेल्या, आणि चिलापीच्या नरांत दुहेरी नर किती. योजना यशस्वी व्हायला दहांत चार हवे होते. पावसाळा संपेपर्यंत ते तसे होतेही. दिवाळीनंतर आकडा घसरला. तीन. दोन. मग एक.

पाणमांजरांनी खाल्ले असतील, असं डांगे म्हणाले.

"पाणमांजराला टिळा कळत नाही," चारुता म्हणाली. "साधे नर तेवढेच आहेत. फक्त ठिपकेवाले कमी झालेत."

ती उठून मासळी बाजारात गेली. मंजुळा भोई तिच्या ओळखीची होती. नदीतली पहिली वाम दिसली तेव्हा चारुताला फोन करणारी तीच. मंजुळाच्या गाळ्यासमोर रांग होती आणि रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांनी मास्क लावले होते. साथ कसलीच नव्हती.

"काय चाललंय मंजुळाबाई?"

"धंदा." मंजुळाने पडदा थोडा सारला. मागे निळ्या टाकीत केशरी ठिपक्यांची चिलापी दाटीवाटीने फिरत होती. "जिवंतच मागतात. मेलेल्याला गुण नाही म्हणे. आधी या मासळीकडं बघून नाक मुरडायचे, आता नाक झाकून येतात."

"कसला गुण?"

"तुम्हीच सांगितलं की, बाई. पेपरात. ह्या माशाला निस्ते पोरगेच होतात."

"माशाला होतात."

"ते मी सांगून बघितलं. एक साहेब म्हणाले, आम्हाला शिकवू नका, आम्ही एमडी आहोत." मंजुळाने सुरी पुसली. "आणि माझ्याकडं काय बघता? सगळ्या बाजारात टाक्या भरल्यात. मी एकटीनं 'न्हाई' म्हणून काय नदी वाचती का?"

चारुता तिथूनच पोलिस ठाण्यात गेली. मुलगा होण्याचा उपाय विकणं हा गुन्हा आहे, असं तिने सांगितलं. निरीक्षकांनी कलमं मन लावून वाचली. यात डॉक्टर आहे, यंत्र आहे, जाहिरात आहे. मासा कुठे दिसत नाही, असं त्यांनी कळवलं. मग आवाज उतरवून विचारलं, "पण मॅडम, तुम्ही त्यातल्या जाणकार. उकडून की तळून?"

---

टिपणीस कुटुंब एकाच इमारतीत दोन मजल्यांवर राहत असे. चौथ्यावर चारुता, तिचा नवरा पुष्कर आणि सासूबाई; पाचव्यावर धाकटा दीर, जाऊ ईशानी आणि त्यांची पाच वर्षांची रेणू. चारुताची मुलगी शिकायला बाहेरगावी होती. रविवारचं जेवण सगळ्यांचं चौथ्यावर होई.

सासूबाई, म्हणजे शुभदाबाई टिपणीस, मासळीच्या बाबतीत कडक होत्या. सुरमई, पापलेट, बोंबील, हलवा. यापलीकडच्या जलचरांना त्या मासळी मानत नसत. "आम्ही टिपणीस. आम्ही नदीतलं खात नाही," हे वाक्य चारुता लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. चिलापीचं वर्णन त्या 'पोहणारा बटाटा' असं करत.

त्यामुळे त्या रविवारी पोलिस ठाण्यातून घरी आल्यावर ओट्यावरच्या ताटलीत डोळ्यामागे केशरी ठिपका असलेलं एक डोकं दिसलं, तेव्हा चारुता क्षणभर दारातच उभी राहिली.

"आई, हे काय?"

"कालवण." शुभदाबाईंनी वळून पाहिलं नाही. "आमसुलं जास्त घातलीत. चिखलाचा वास मारायला."

टेबलाशी ईशानी बसली होती. तिला तिसरा महिना होता. ती एका बँकेच्या सायबर सुरक्षेचं काम पाहायची; लोकांनी खोट्या मेसेजवर विश्वास ठेवू नये म्हणून देशभर भाषणं द्यायची. तिने चारुताकडे पाहिलं नाही.

"ईशानी, तू सुद्धा?"

"वहिनी, मला माहितेय काही होत नाही ते."

"मग?"

"मग आईंना वाटतंय तर खाल्ला. वाद घालण्यापेक्षा कालवण बरं." तिने वाटीतलं आमसूल बाजूला केलं. "आणि समजा एक टक्का काही असलं, तर."

"टक्का-बिक्का काही नाही. आणि जे व्हायचं ते गर्भ राहतो त्या क्षणी ठरतं. तुझं तीन महिन्यांपूर्वीच ठरलंय."

"बघ, म्हणून मी म्हणत होते आधीपासून सुरू कर," शुभदाबाई म्हणाल्या.

"आई, हे मासे मी नदी वाचवायला सोडलेत. तुम्ही माझं पंधरा वर्षांचं काम कालवणात घातलंय."

"एका माशानं नदी बुडते का?" शुभदाबाई आता वळल्या. "तुला एक मुलगी. ईशानीला एक मुलगी. दोघी सोन्यासारख्या, मी कधी शब्द काढला? काढला असेल तर सांग. पण देवानं उपाय दारात आणून ठेवला, तोही माझ्या सुनेच्या हातून, तर मी काय डोळे मिटून बसू?"

रेणूने वाटी पुढे केली आणि आपल्यालाही कालवण हवं म्हणाली. आजीने तिला सांगितलं की हे तुझ्यासाठी नाही, तुला ऑम्लेट आहे. रेणूने वाटी मागे घेतली. ईशानीने ते पाहिलं, आणि नंतर तिने कालवणाला हात लावला नाही.

---

सोमवारी आयुक्तांनी बैठक बोलावली.

"महिनाअखेर आकडा वर गेला नाही, तर योजना बंद," ते म्हणाले. "मग मला औषधोपचाराशिवाय पर्याय नाही."

औषधोपचार म्हणजे नदीत विष. पाण्यातला प्रत्येक मासा त्यात श्वास कोंडून मरतो. चिलापी, महासीर, वाम, सगळे. मग रिकाम्या नदीत नवे मासे आणून सोडायचे आणि फोटो काढायचे. वरच्या डोहात यंदा पहिल्यांदाच महासीरची बोटभर पिल्लं दिसली होती. ती चारुताने स्वतः पाहिली होती, पोटावर पडून, पाण्याला नाक लावून.

"मॅडम, सोपं आहे," बैठकीनंतर डांगे तिला जिन्यात म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त मजकूर लहान करायची सवय होती. "आपण बातमी सोडू. खरा गुण ठिपकेवाल्यात नाही, पोटात अंड्यांची गाभोळी असलेल्या मादीत आहे. लोक सगळ्या माद्या उचलतील. तुमची योजना पाच वर्षांत व्हायची ती सहा महिन्यांत होईल."

चारुता दोन पायऱ्या उतरून थांबली. हिशोब बरोबर होता. जीवशास्त्राच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती. नर राहतील, माद्या जातील, महासीर वाचतील, पालिकेचा पैसाही लागणार नाही.

तिला रेणूची वाटी आठवली.

"नाही," ती म्हणाली.

"का पण? लोक खाणारच आहेत. निदान योग्य मासा खातील."

"कारण मग या शहरात मुलगा होण्याचं औषध पालिकेच्या शिक्क्यासह मिळेल. नदी साफ करायला मला दुसरी घाण नकोय. मी खरं तेच सांगणार, डांगे. फक्त यावेळी पूर्ण सांगणार. तुम्ही कापलेलं वाक्य परत छापा."

"या महिन्यात जागा नाही," डांगे खरोखर वाईट वाटून म्हणाले. "वृक्षारोपण सप्ताह आहे."

---

घरी शुभदाबाई दुसरा मासा साफ करत होत्या. आणखी एक, जिवंत, न्हाणीघरातल्या बादलीत पुढच्या रविवारची वाट पाहत होता. चारुताने पर्स ठेवली आणि ओट्याशी उभी राहिली. ईशानी पाचव्या मजल्यावरून खाली आली होती.

"आई, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, हा मासा मी कशासाठी केला."

"त्यात काय विचारायचं? मुलगे होण्यासाठी."

"कुणाला?"

"त्यालाच. माशाला."

"माशाला मुलगे होऊन पालिकेचा काय फायदा?"

शुभदाबाईंची सुरी थांबली. हा प्रश्न त्या शहरात तोवर कुणालाच पडला नव्हता.

"त्याला सगळे मुलगे झाले," चारुता म्हणाली. "त्यांनी नदीतल्या होत्या त्या माद्यांशी संसार केला. मी पुन्हा असले मासे सोडले, पुन्हा मुलगेच. तिसऱ्या-चौथ्या पिढीला अख्खी नदी नवऱ्या मुलांनी भरलेली आणि नवरी एकही नाही."

"मग?"

"मग काही नाही. म्हातारे होतात आणि संपतात. गुंजाईत चिलापीचं नाव घ्यायला कुणी राहत नाही. त्यासाठीच केलाय तो."

शुभदाबाईंनी गॅस बंद केला, जो पेटवलेला नव्हता. "म्हणजे निर्वंश."

"शास्त्रात त्याला वेगळा शब्द आहे. पण हो."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"पेपरात जागा नव्हती."

"माझ्या हातानं मी सुनेला निर्वंशाचा मासा खायला घातला."

"आई, नीट ऐका. हे दुसरं वाक्यही महत्त्वाचं आहे. खाल्ल्यानं माणसाला काही होत नाही. ना मुलगा, ना निर्वंश. पोटात जाऊन त्याची प्रथिनं होतात, बस. ईशानी, तूही ऐक."

"मी ऐकतेय, वहिनी," ईशानी म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती सरळ पाहून बोलली.

शुभदाबाईंनी हात धुतले, चष्मा लावला आणि फोन घेऊन गॅलरीत गेल्या. त्यांचे एकूण सात गट होते : इमारत, भजन, भिशी, माहेर, सासर, गुडघेदुखी आणि सीकेपी खाद्यसंस्कृती. त्यांनी पाठवलेला मजकूर चारुताने नंतर वाचला. 'टिळ्याचा मासा निर्वंशासाठी केलेला आहे. माझ्या सुनेनेच केलेला आहे. तिने स्वतः सांगितलं.' दुसरं वाक्य त्यात नव्हतं.

चारुताने त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला, दोन्ही वाक्यांसकट, आणि डांग्यांकडे पाठवला. डांग्यांचं लगेच उत्तर आलं : वृक्षारोपण सप्ताहानंतर बघू. तिने सासूबाईंच्या फोनवरून सातही गटांवर तो स्वतः टाकला. फार लांब आहे, कुणीतरी थोडक्यात सांगा, असं गुडघेदुखी गटावरून आलं, आणि कुणीतरी थोडक्यात सांगितलं.

---

गुरुवारी सकाळी उद्यानाच्या पहारेकऱ्याचा फोन आला. "बाई, घाटावर गर्दी आहे. काय करू?"

धामणपुरात एक रीत होती, जिच्याशी चारुता पंधरा वर्षं भांडली होती. जी वस्तू घरात ठेवणं अशुभ आणि कचऱ्यात टाकणं पाप, ती नदीत जाई. भंगलेली मूर्ती, देवांचे जुने फोटो, जुन्या पोथ्या, निर्माल्य, गेलेल्या माणसाचा चष्मा. घाटावर तिच्याच सहीचा फलक होता : 'नदीत काहीही टाकू नये. दंड होईल.'

टिळ्याचा मासा आता नेमका असा झाला होता. घरात ठेवायचा म्हणजे निर्वंश. मारायचा म्हणजे त्याचं पाप लागून पुन्हा तोच. विकायचा तर घेणार कोण? चारुता पोचली तेव्हा लोक बादल्या, कळश्या, कुकरची भांडी घेऊन उभे होते. काहींनी माशाला हळदकुंकू वाहिलं होतं. गाडीतून एक एमडी उतरले, मोठा शीतपेटीचा खोका घेऊन, आणि इकडेतिकडे बघत रांगेत शिरले. पलीकडे टेम्पो लागला होता. बाजारातल्या टाक्या उतरत होत्या. मंजुळा भोई कमरेवर हात ठेवून टेम्पोशी उभी होती.

"तुम्ही माझा हंगाम बुडवला," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी महासीर मोजायला माणसं लागतील मला. जाळ्यातली जाणकार. पगारी."

"बघू. आधी ह्यांना खाली नीट सोडू द्या, फेकतायत कसे बघा. मासा आहे का नारळ?" आणि ती पाण्यात उतरून लोकांवर ओरडू लागली.

पहारेकरी दंडाचं यंत्र हातात घेऊन जवळ आला. "बाई, दंड लावू का? फलक आहे."

चारुताने फलकाकडे पाहिलं. पंधरा वर्षांत तो एकदाही हलला नव्हता.

"धुवायला काढा," ती म्हणाली. "दोन दिवस लागतील धुवायला. चांगला घासा."

मग तिने पदर खोचला आणि पायरीवर बसली. प्रत्येकाच्या हातातलं भांडं घेई, आतल्या झेंडूच्या माळा काढून टोपलीत टाकी, आणि भांडं पाण्याला टेकवून हळूच कलतं करी. येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती : खाल्ला असेल तरी काही होत नाही, घाबरू नका. लोक मान डोलवत, नमस्कार करत आणि अजिबात विश्वास ठेवत नसत. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला. तरी ती सांगत राहिली.

शेवटी एक ओळखीची स्टीलची बादली समोर आली. शुभदाबाई होत्या, मागे ईशानी आणि तिच्या हाताला धरून रेणू.

"धर," शुभदाबाई म्हणाल्या. "आणि मला पायरीवरून उतरताना हात दे. मी सोडणार."

तो मासा त्यांनी स्वतः सोडला. मग उठताना, कुणाला उद्देशून नाही अशा रीतीने, म्हणाल्या, "रेणूला रविवारी सुरमई करते. तिच्या वाटीला तुकडी जास्त."

महिनाअखेर पिवळ्या यंत्राने आकडा दाखवला. दहांत चार. आयुक्तांनी औषधोपचाराची फाईल बाजूला ठेवली आणि नागरिकांच्या स्वयंस्फूर्त सहभागाबद्दल भाषण केलं. डांग्यांनी ते एका वाक्यात छापलं.

---

जूनच्या सुरुवातीला ईशानी बाळंत झाली. मुलगा झाला.

चारुताला ही बातमी रुग्णालयाच्या व्हरांड्यात कळली, आणि काकू म्हणून आनंद व्हायच्या आधीच तिच्या मनात नदी आली. टिपणिसांच्या सुनेने मासा खाल्ला आणि टिपणिसांना नातू झाला, हे शहरात पसरायला एक दुपार पुरली असती. तिच्या कुठल्याही खुलाशाहून ही बातमी लहान होती.

शुभदाबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर रेणू झोपली होती. फोन वाजला. भिशी गटाच्या कर्णिकबाई. त्यांच्या सुनेचंही काहीतरी चाललं होतं. शुभदाबाईंना ऐकू कमी यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठाच असे.

"अभिनंदन हो शुभदाताई. म्हणजे मासा लागू पडला म्हणायचा. खरं सांगा, किती खाल्ले तिने?"

शुभदाबाईंनी समोर पाहिलं. चारुता भिंतीला टेकून उभी होती. सासूने सुनेकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत कालवण होतं, बादली होती, आणि पंधरा वर्षं न विचारलेलं बरंच काही.

"मासा?" शुभदाबाई म्हणाल्या. "कसला मासा, कर्णिकबाई? आम्ही टिपणीस. आम्ही नदीतलं खात नाही."